अप्पांचा सा

९ सप्टेंबर, मंगळवार

डायरी लिहिणाऱ्या बायकांबद्दल मी आजवर जे काही बोलले आहे, ते आजपासून मागे. इशिताने लिहायला सांगितलंय. इशिता म्हणजे अप्पांना बोलायला शिकवायला येणारी थेरपिस्ट. वय सव्वीस, पाठीला सॅक, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'व्हेरी गुड' म्हणायची सवय. तिला रोजचा तक्ता हवा होता. मी बावीस वर्षं मराठी शिकवतेय. माझं तक्त्यात मावत नाही.

तर नोंद. काशीनाथ, म्हणजे अप्पा, माझे सासरे. बारा ऑगस्टला झटका आला. उजवा हात लुळा, समज शाबूत, वाचा गेली. काहीही म्हणायचं असलं तरी तोंडातून 'तेते' एवढंच येतं. पाणी तेते, बेडपॅन तेते, यतीनही तेते. यतीन हा त्यांचा मुलगा. माझा नवरा ही त्याची दुय्यम ओळख.

आज इशिताने विचारलं, "अप्पा, काही गाता का हो?" आणि अप्पांनी डोळे मिटून अख्खी ओळ म्हटली. शब्दांसकट, स्वच्छ. 'आलो देवा दारी, रिकाम्या हातानं.' त्यांच्या भजनी मंडळाची सुरुवातीची ओळ आहे, मंडळातल्याच कुणी कोळ्याने रचलेली. यतीन स्वयंपाकघरात जाऊन रडला. मी उभी राहून रडले. हातातलं काम थांबलं नाही.

इशिता म्हणाली, असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी असू शकते. रोज वीस मिनिटं ती ओळ म्हणायची, मग त्याच चालीवर 'पाणी दे', मग हळूहळू चाल पुसट करत शब्द उरवायचा. "पण पहिले काही महिनेच महत्त्वाचे हां, काकू. नंतर अवघड होत जातं."

म्हटलं, काळजी नको. घरात पेटी आहे आणि पेटीच्या तीन परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली सून आहे.

१० सप्टेंबर

पहिला दिवस. यतीनने उत्साहाने ओळ धरली. यतीनचा सूर म्हणजे शेजारच्या पटेलांचा मिक्सर. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मग मी पेटी काढली. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, हा माझा सा. सुरेख वाजवलं. अप्पांनी अर्धी ओळ म्हटली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा भिंत.

१७ सप्टेंबर

आठ दिवस तेच. मी वाजवते, ते दोन शब्द म्हणतात आणि थांबतात. मी म्हणते, "अप्पा, इथून. हा सा. इथून घ्या." पट्टी दाबून धरते. ते माझ्याकडे, वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या इन्स्पेक्टरने पाहावं तसं पाहतात.

एक गोष्ट लिहूनच टाकते, कारण ही वही कुणी तपासणार नाही. अप्पांना माझ्या परीक्षा कधी आवडल्या नाहीत. ते उत्तनला, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावात, पोस्टमास्तर होते, तीस वर्षं तिथल्या कोळ्यांच्या मंडळात गायले, एकही परीक्षा न देता. गेल्या वर्षी गणपतीत माझ्या पेटीवरचे स्टिकर बघून सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "उर्मिला, पट्ट्यांना पाट्या कशाला गं? गल्लीत हरवतेस की काय?" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून त्यांच्या चहात साखर डॉक्टरांनी सांगितली तेवढीच टाकते.

स्टिकर नीरज सरांनी लावले, पहिल्याच दिवशी. सा रे ग म प ध नि, पांढऱ्या सात पट्ट्यांवर सात अक्षरं. इथे जवळच केबिन रोडला फरसाणच्या दुकानावर त्यांचा क्लास आहे, बाहेर फलक: 'निकाल शंभर टक्के'. सर एकोणतीस वर्षांचे, मी त्रेपन्नची, पण फी मी भरते म्हणून ते सर. शास्त्राच्या पेपरसाठी त्यांच्या छापील नोट्स आहेत आणि त्या उत्तम आहेत. मी स्वतः दहावीच्या मुलांना 'हे येणारच' असे वीस प्रश्न काढून देते. चांगला माल मला कळतो. सोळा नोव्हेंबरला माझा मध्यमेचा, म्हणजे चौथ्या परीक्षेचा, लेखी पेपर आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

क्लासमध्ये सरांना अप्पांचं सांगितलं. "ते माझ्या सा ला येतच नाहीत."

"मग तुम्ही त्यांच्या सा ला जा ना, मॅडम."

"कसं जाऊ?"

सरांनी नोट्स उलटून पाहिल्या. "ते आपल्या सिलॅबसमध्ये नाहीये. परीक्षेत सा तुमचाच असतो." मग म्हणाले, "स्केलचेंजर पेटी घेऊन जा माझी. खटका सरकवला की सगळ्या पट्ट्या एकदम सरकतात, तुमचे स्टिकर जागच्या जागी."

आणली. खटका सरकतो, मान्य. पण कुठे सरकवायचा? अप्पा गातायत तो सा कुठला, हे ऐकून कळावं लागतं, आणि ते मला कळत नाही. तीन परीक्षा पास. सकाळी त्यांचा आवाज एका जागी असतो, दुपारच्या गोळीनंतर दुसऱ्या. मी खटका मागेपुढे करत राहिले, गिरणीतला माणूस पट्टा बसवतो तशी. शेवटी वर पाहिलं तर अप्पा झोपले होते. पेटी परत केली.

२९ सप्टेंबर

आज इशिताने तक्ता मागितला, मी वही दाखवली. तिने चार पानं वाचली, हसली, मग गंभीर झाली. "काकू, तीन आठवड्यांत ते एकदाही पूर्ण ओळ म्हणाले नाहीत? पहिल्या दिवशी तर म्हणाले होते." मग चप्पल घालताना म्हणाली, "मी घाबरवत नाहीये. पण शब्द आत असेपर्यंतच बाहेर काढता येतात."

म्हणजे माझ्यामुळे. तसं ती म्हणाली नाही. व्हेरी गुडही म्हणाली नाही.

३ ऑक्टोबर

पेटी अप्पांच्या पलंगाशेजारी स्टुलावर असते. आज शाळेतून आले तर 'सा' चा स्टिकर गायब. शोधला, तर पलंगाजवळच्या भिंतीवर, खाली, उशीच्या उंचीला चिकटवलेला. डाव्या हाताच्या नखाने खरवडून काढला असणार. गेल्या दिवाळीत मारलेला रंग.

वाचा गेली तरी खोड्या जात नाहीत. मी 'सा' च्या जागी माझी लाल टिकली लावली.

६ ऑक्टोबर

'रे' पण. आणि टिकलीही. टिकली त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावून ठेवली होती. यतीन खूप हसला. मला नाही आलं हसू.

१० ऑक्टोबर

'ग' आणि 'म'. एक एक दिवसाआड चाललंय, पद्धतशीर. भिंतीवर एकावर एक शिडीसारखे चढवतायत, तेही वेडेवाकडे. 'सा' पासून 'रे' दोन बोटांवर, 'रे' पासून 'ग' दोन बोटांवर, आणि 'म' मात्र 'ग' ला चिकटून. हात थरथरतो, कुठेतरी लागतो. यतीनला म्हटलं, स्टिकर निघतील, पण खाली रंगाचे पोपडे येतील. तो म्हणाला, "आई असती तर अप्पांची बाजू घेतली असती." त्या वाक्याचा आणि रंगाचा संबंध मला अजून लागला नाही.

नवे स्टिकर सरांकडून आणायचे होते. राहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

उत्तनहून जयकुमार आले. अप्पांचे मृदंगवाले, मंडळातले, वय पंचाहत्तर, अजून होडीवर जातात. एका हातात मृदंग, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी. सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर कुणी चढलं नाही, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं.

"मास्तर," ते अप्पांना म्हणाले, "उगा पडून रायलास. चल, म्हन."

अप्पांनी डोळे मिटले, ओळ सुरू केली. मी सवयीने पेटीकडे गेले. जयकुमारांनी नुसता हात वर केला. मी थांबले. ते काही वाजवेनात. कान पुढे करून ऐकत राहिले, मग पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि सूर जुळवण्यासाठी मृदंगाच्या चामडी वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकायला लागले. एक टोला, थाप, कान. एक टोला, थाप, कान. दहा मिनिटं. अप्पा ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मृदंग त्यांच्याजवळ येत होता. मग एक थाप अशी पडली की खोलीतली हवा जागेवर बसली. अप्पांनी अख्खी ओळ म्हटली. मग दुसरी: 'बसू दे उंबऱ्याशी, नको रे आसन.' मग पुन्हा पहिली. महिन्याभरात पहिल्यांदा.

चहा देताना विचारलं, "काका, ते माझ्या पेटीला का येत नाहीत?"

"पेटीला कोन येतंय, सूनबाई? वाजवनाऱ्यानं गानाऱ्याकडं जायाचं. मास्तराचा सूर आता आजारी हाय, रोज जागा बदलतो. तुमी एका जागी बसून हाक मारता. तो येईल? त्याला वरचा सूर लागला की टोचतो, म्हनून तोंड फिरवतो. राग न्हाय त्याचा."

"पण त्यांचा सा कुठला, हे ओळखायचं कसं?"

"ओळ संपल्यावर मानूस कुठं टेकतो ते बघायचं. जिथं टेकला, तो सा. होडी कुठं बी फिरू दे, बंदर एकच हाय."

जाताना त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. आता पाच झाले होते, 'प' पर्यंत. पाहत राहिले आणि हसले. "मास्तर अजून शिकवतोय वाटतं."

कोळी लोक बोलायला गोड असतात. मी बोंबील डब्यात भरले.

१४ ऑक्टोबर

आज पेटी वाजवली नाही. अप्पांना ओळ म्हणू दिली आणि नुसती ऐकली. कुठे टेकतात? तिसऱ्यांदा कळलं. 'हातानं' मधल्या शेवटच्या 'नं' वर. भाता मारत एक एक पट्टी दाबून पाहिली. काळी दोन. तीच धरून ठेवली, फक्त तीच, तंबोऱ्यासारखी. अप्पा थबकले. मग ओळ पूर्ण म्हणाले. तोंड भिंतीकडे गेलं नाही.

मी बाकीचे सूर वाजवले नाहीत, कारण येत नाहीत. सा काळी दोनला नेला की 'रे' कुठे, 'ग' कुठे, मला काय माहीत. माझे सगळे सूर पांढरीवर घर करून राहिलेत, तेही पाटी वाचून. आता पाट्याही नाहीत; 'ध' काल गेला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

'पाणी दे' आलं. चालीवर, पण आलं. इशिताला फोनवर ऐकवलं, ती व्हेरी गुड म्हणाली आणि मला बरं वाटलं. लिहिण्यात खोटं कशाला बोला.

पण अप्पांचं समाधान नाही. मी एकच सूर धरून बसते आणि ते गाता गाता डाव्या हाताची बोटं भिंतीवर आपटतात, त्या स्टिकरांच्या शिडीवर. खाली, वर, खाली. मला वाटतं हात भरून येत असेल. तेल लावते. लावलं की आणखी चिडतात.

९ नोव्हेंबर

दोन आठवडे झाले, 'पाणी दे' च्या पुढे नाही. चाल काढली की शब्दही जातो. इशिता म्हणते नुसत्या एका सुरावर ते कंटाळले असतील, त्यांना पूर्ण साथ हवी असेल, त्यावरच पुढचे शब्द बसवता येतील. मलाही तसंच वाटतं. सरांना विचारलं, काळी दोनवरचं सप्तक शिकवता का. ते म्हणाले, "मॅडम, सात दिवसांवर पेपर आहे. आत्ता हे नको. कन्फ्यूजन होईल. नंतर निवांत."

हे वाक्य मी ओळखते. दहावीच्या एका मुलीने गेल्या महिन्यात विचारलं होतं, "बाई, ही कविता अशी का संपते?" मी म्हटलं होतं, पेपरनंतर बोलू.

सातही स्टिकर आता भिंतीवर आहेत. आठवा, वरचा सा म्हणून, त्यांनी माझी लाल टिकली लावलीय. 'नि' च्या अगदी डोक्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेपर दिला. काय झालं ते सविस्तर लिहिते.

प्रश्न तिसरा: 'सप्तकातील स्वरांमध्ये श्रुतींची विभागणी लिहा.' हा येणारच होता. सरांच्या नोट्समध्ये पान चारवर आहे: एका सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म अंतरं, ती चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशी वाटली जातात. चार वर्षं हे मी टेलिफोन नंबरासारखं पाठ केलंय. आज लिहायला घेतलं. सा ते रे चार. रे ते ग तीन. ग ते म दोन.

आणि पेन थांबलं. दोन. ग ते म फक्त दोन. बाकीच्यांपेक्षा कमी. म्हणजे ते जवळ आहेत. म्हणजे चिकटून.

मला भिंत दिसली. उशीपासून वर, सा, दोन बोटं, रे, दोन बोटं, ग, आणि लगेच म. मग पुन्हा दोन, दोन, दोन. आणि नि च्या डोक्यावर टिकली. हात थरथरत नव्हता. दीड महिना तो माणूस मला सगळ्यात साधी गोष्ट सांगत होता, की जागा लक्षात ठेवू नकोस, अंतर ठेव. आणि मी रंगाचे पोपडे मोजत होते. वर हाताला तेल लावत होते.

पर्यवेक्षकांनी विचारलं, "मॅडम, पाणी हवंय का?" मी म्हटलं, नको. प्रश्न चौथा आणि पाचवा अर्धवट राहिले. शेवटचा अर्धा तास मी उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर पेटीच्या पट्ट्या काढल्या, काळ्या-पांढऱ्या, सगळ्या सारख्या मानून, आणि काळी दोनपासून मोजत गेले. एक पट्टी सोडून पुढची, एक सोडून पुढची, मग लगतची. मग एक सोडून, सोडून, सोडून, आणि लगतची. सगळ्या जागा निघाल्या. तपासणाऱ्याला वाटेल बाईंनी जिना काढलाय.

घरी आले, चप्पल न काढता पेटीपाशी बसले आणि तसंच मोजून दाबत गेले. काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार... सप्तक आलं. सगळं, पाटीशिवाय. मग काळी एकवरून केलं. आलं. पांढरी तीनवरून केलं. तेही.

अप्पा पडल्या पडल्या बघत होते. मी म्हटलं, "हे होतं होय?" त्यांनी डोळे मिटले. मला वाटतं, बावीस वर्षं शिकवूनही मी कुठल्या मुलाची इतकी वाट पाहिली नसेल.

अप्पांच्या चहात साखर जास्त टाकली.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रात्यक्षिक वाईट झालं. दोन आठवडे मी इतक्या वेगवेगळ्या जागांवरून वाजवतेय की पांढरी एकवर बोटं अडखळली. परीक्षकांनी विचारलं, "तयारी कमी पडली का?" मी म्हटलं, "जास्त झाली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

बाहेर नीरज सर उभे होते. "मॅडम, कसं गेलं?" सांगितलं. चेहरा इतका पडला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. फलक बदलावा लागेल या भीतीत असावेत. म्हटलं, सर, नव्याण्णव पण चांगला आकडा आहे. मग वाटलं, हा मुलगा वाईट नाही, यालाही कुणीतरी नोट्सच दिल्या असतील. विचारलं, "एक दिवस घरी या. आमच्याकडे भिंत आहे." त्यांना कळलं नाही. येतो म्हणाले.

दहावीच्या त्या मुलीला उद्या बोलावलंय, मधल्या सुट्टीत. कविता का तशी संपते ते मलाही नक्की माहीत नाही. बघू.

७ डिसेंबर, रविवार

गेला आठवडाभर साथ करतेय. अप्पा सुरू करतात, मी ऐकते, टेकतात तिथे सा धरते आणि मोजत मोजत मागे जाते. आता मोजायला कमी लागतं. 'पाणी दे', 'चहा दे', 'दिवा लाव', सगळं एकाच ओळीच्या चालीवर चाललंय. घरात दिवसभर देवाच्या दारी चहा मागितला जातोय. पण चाल काढून घेतली की 'तेते'. इशिता आज आली होती, कोपऱ्यात बसली, वही मांडीवर. तिला काय वाटतंय ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. इतक्या लहान वयात हे कसं जमतं.

आज अप्पांचा सूर खाली होता, आजवर नव्हता इतका. पहिली ओळ संपली. टेकले. पांढरी सात, खालची. इथून मी कधीच वाजवलं नव्हतं. सगळ्या काळ्या पट्ट्या अंगावर आल्या. मी निघाले. रे लागला, ग लागला, ग ला लगत म लागला. 'बसू दे उंबऱ्याशी' ला सूर वर चढतो, पंचमावर, म्हणजे 'प' वर. मी पट्टी दाबली आणि खोलीत नको तो सूर वाजला. काळी तीन हवी होती, माझं बोट शेजारच्या पांढरीवर.

अप्पा थांबले. आता भिंत, असं मला वाटलं. यतीन दारात होता, तोही थांबला.

अप्पांनी मान वळवली, पण माझ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. चाल नव्हती. सूर नव्हता. नेहमीचा, गणपतीतला, सगळ्या पाहुण्यांसमोरचा आवाज.

"चुकलीस," ते म्हणाले.

इशिताच्या हातातून पेन पडलं. यतीन स्वयंपाकघरात गेला नाही, तिथेच दारात खाली बसला.

चुकले होतेच मी. बरोबर बोलले ते.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"चुकलीस."

मी भाता मारला, काळी तीन शोधली आणि दाबली. अप्पांनी डोळे मिटले आणि पुढची ओळ घेतली.